चहात दूध फाटतंय? नेमकं कधी फाटतं ते आधी बघा

तक्रार नेहमी एकच असते. चहा उकळला, दूध घातलं आणि दोन मिनिटांत पातेल्यात पिवळट पाणी, त्यात तरंगणारा पांढरा चुरा. गाळल्यावर कपात येतं ते ना धड चहा, ना धड काढा. घरात पहिला आरोप दूधवाल्यावर होतो, दुसरा फ्रीजवर आणि तिसरा "काल दूध नीट तापवलं नव्हतंस" असा एकमेकांवर. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची पिशवी येते. गुळाचा डबा मात्र ओट्यावर जिथल्या तिथे असतो, आणि चहा पुन्हा फाटतो.

एखाद्या दिवशी दूध फाटलं तर सोडून द्या, सगळ्यांकडेच होतं. पण आठवड्यातून दोनदा-तीनदा होत असेल तर कारण ठरलेलं असतं, आणि ते शोधायला फार वेळ लागत नाही. दोन-तीन चमचे दूध स्वच्छ घासलेल्या छोट्या पातेल्यात घ्या आणि नुसतंच उकळा. चहा नको, साखर नको, काही नको. एकटं असताना फाटलं, तर दोष दुधाचा किंवा भांड्याचा. एकटं छान उकळलं आणि चहात फाटलं, तर दुधाला सोडा आणि बाकीच्या मंडळींची चौकशी करा. दूध संकलन केंद्रावर आणि डेअरीत कच्च्या दुधाची हीच परीक्षा घेतात: थोडं दूध परीक्षानळीत घालून उकळत्या पाण्यात धरायचं आणि गुठळ्या होतात का बघायचं.

ही परीक्षा नाकाने किंवा जिभेने होत नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पीएच म्हणजे आम्लता मोजायचं माप: ७ म्हणजे मधोमध, आकडा जेवढा खाली तेवढं आम्ल जास्त. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.८ असतो, म्हणजे किंचितच आम्लाकडे झुकलेला. त्यातल्या केसिन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. आम्ल वाढलं की हे ढकलणं कमी होतं आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. गार दूध पूर्ण फाटायला पीएच ४.६च्या आसपास उतरावा लागतो. उकळत्या दुधाला मात्र एवढं खाली जावं लागत नाही, पीएच ६च्या जवळपास आला तरी पुरतं. त्यामुळे फ्रीजमधलं दूध दिसायला ठीक, वासाला ठीक, चवीलाही आंबट नाही, आणि गॅसवर ठेवलं की दगा देतं.

आता चहाची बाजू. कोऱ्या चहाचा पीएच ५च्या आसपास असतो, म्हणजे चहा स्वतःच आम्लधर्मी आहे. तरी रोजचा चहा फाटत नाही, कारण दुधातली प्रथिनं आणि फॉस्फेट, सायट्रेटसारखे क्षार एवढं आम्ल सहज पचवतात. दूध काठावर आलेलं असलं तर मात्र तो चहाचा धक्काही पुरतो. तेव्हा एकटं दूध उकळीला टिकलं आणि साध्या साखरेच्या, बिनआल्याच्या चहात फाटलं, तर ते काठावरचं दूध समजा. ते आजच संपवा किंवा विरजण लावून मोकळे व्हा.

एकटं दूधच फाटत असेल तर

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे बहुतेक वेळा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं. त्यात रोगजंतू मरतात, सगळे जंतू मरत नाहीत. डेअरीतून आपल्या दारापर्यंत पिशवी किती वेळ गार राहिली यावर पुढचं सगळं अवलंबून. सकाळी सहाला दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी साडेआठला घेतली, आणि महिना एप्रिल-मेचा असला, तर अडीच तास ते दूध गरम हवेत लोंबकळलेलं असतं. नंतर फ्रीजमध्ये कितीही नीट ठेवलं तरी वाढलेलं आम्ल कमी होत नाही. फ्रीजच्या दारातला कप्पा हा दुधासाठी सगळ्यात वाईट. दार उघडलं की पहिली गरम हवा तिथेच लागते. दूध आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा.

दुसरी सवय म्हणजे कालचं उरलेलं अर्धा कप दूध आजच्या ताज्या दुधात ओतणं. ते वाया जाऊ नये म्हणून आपण एक लिटर धोक्यात घालतो. कालचं वेगळ्या भांड्यात ठेवा, तेच आधी वापरा.

कधी कधी दूध अजिबात आंबट नसतं, तारीखही उलटलेली नसते, आणि तरी फाटतं. हे लोकांना भुताटकीसारखं वाटतं. पाश्चरायझेशनला पुरून उरणारे काही जीवाणू बीजाणूंच्या रूपात शिल्लक राहतात. त्यांचे विकर (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करतात, त्याला आम्लाची गरजच नसते. असं दूध गोडसर राहून गुठळतं आणि नंतर कडवट लागतं. घरी यावर इलाज नाही, पिशवी परत करायची.

गोठ्यावरचं दूध घेणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते शहरात कुणाच्या लक्षातही येत नाही. गाय-म्हैस व्यायल्यावर पहिले काही दिवस जे दूध येतं, तो चीक. उष्णतेने घट्ट होणारी प्रथिनं त्यात भरपूर असतात, म्हणून तर खरवस वाफेवर आपोआप थिजतो. हा चीक संपायच्या आत ते दूध रोजच्या दुधात मिसळलं, की तापवताना ते फाटल्यासारखं होतं. रतीब घालणाऱ्याला "नवीन जनावर व्यालंय का?" एवढं विचारा, प्रामाणिक असेल तर लगेच सांगेल. जनावराच्या कासेला सूज आली असेल तरी दुधातले क्षार बदलतात आणि ते उकळीला टिकत नाही.

भांड्याबद्दल थोडक्यात. ज्या पातेल्यात काल ताक किंवा कोकमाचं सार होतं, ते घाईत विसळून चहाला घेऊ नका. चहाची गाळणी मात्र खरी गुन्हेगार निघू शकते. तिच्या जाळीत आणि कडेच्या खाचेत दुधाची पुटं साचून आंबतात. काहींकडे दूध त्याच गाळणीने साय अडवण्यासाठी गाळतात, तिथे हमखास त्रास होतो. दुधाची गाळणी वेगळी ठेवा आणि चहाची आठवड्यातून एकदा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा.

गूळ: नेहमीचा आरोपी

एकटं दूध ठणठणीत आहे आणि घरात साखर सोडून गूळ सुरू झालाय? मग बहुतेक इथेच उत्तर आहे. वारंवार फाटण्याच्या जेवढ्या तक्रारी ऐकू येतात त्यात गुळाचा नंबर पहिला.

गूळ म्हणजे नुसता गोडवा नव्हे. उसाच्या रसातली सेंद्रिय आम्लं आणि क्षार आटून त्यात उतरलेले असतात. शिवाय गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालतात, बऱ्याच ठिकाणी चुन्याची निवळी घालतात, रंग उजळायला आणखी काहीबाही पडतं. आम्ल आणि कॅल्शियम, दोन्ही गोष्टी गरम दुधातल्या केसिनला एकत्र चिकटवायला मदत करतात. त्यात गूळ जुना, पावसाळ्यात पाझरलेला, बोटाला ओलसर लागणारा असेल तर तो थोडा आंबलेलाही असतो, आणि मग चहा वाचणं कठीण.

कोणता गूळ फाडेल हे रंगावरून कळत नाही. पिवळाधमक गूळ रसायनाचा म्हणून तो फाडतो आणि काळपट सेंद्रिय गूळ फाडत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. उलटंही घडताना पाहिलंय. कोल्हापुरी असो, कऱ्हाडचा असो, एका ढेपेने फाटलं आणि त्याच दुकानातल्या दुसऱ्या ढेपेने नाही, हेही नेहमीचं. गूळ पावडरीलाही सूट नाही. म्हणून नवीन ढेप आणली की एक छोटी चाचणी करा: सुपारीएवढा खडा पाव कप गरम पाण्यात विरघळवा, त्यात तेवढंच उकळतं दूध घाला आणि दोन मिनिटं थांबा. चुरा दिसला तर ती ढेप पुरणपोळीला आणि आमटीला ठेवा, चहाला दुसरी.

बहुतेक वेळा मात्र गूळ बदलायची गरज पडत नाही, क्रम बदलला की भागतं. फाटण्याला गूळ, दूध आणि उकळी हे तिघे एकत्र लागतात. त्यातली उकळी काढून घ्यायची. माझी पद्धत अशी आहे. पाण्याचं आधण ठेवायचं, त्यात आलं, वेलची जे काही असेल ते. उकळी आली की चहा पावडर आणि गूळ एकदमच घालायचा आणि तीन-चार मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. गूळ पाण्यात उकळलेलाच बरा, त्यातली रसाची मळी आणि क्वचित निघणारी काडी गाळणीत अडकते. शेजारच्या शेगडीवर दूध वेगळं तापवायचं. मग चहाचा गॅस बंद करून पाऊण-एक मिनिट थांबायचं, उकळीचे बुडबुडे पूर्ण बसू द्यायचे, आणि गरम दूध हळूहळू धार धरून ओतत ढवळायचं. पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. हे शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात जड जातं, कारण दूध घातल्यावर "एक उकळी येऊ दे" हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे.

काहीजण उलट करतात: दुधाचा चहा पूर्ण उकळून घेतात, गॅस बंद करतात आणि गूळ अगदी शेवटी कपात घालतात. तेही चालतं, कारण तिथेही गूळ पडल्यावर उकळी नाही. मला ती पद्धत आवडत नाही. गूळ तळाशी बसतो, पहिला घोट अळणी आणि शेवटचा काकवीसारखा. पण घरात एकाला गुळाचा आणि दुसऱ्याला बिनगोडाचा चहा लागत असेल तर सोयीची तीच.

स्वयंपाकघराला हे ज्ञान नवीन नाही. गव्हाची खीर गुळात शिजवतात आणि दूध वाढताना वरून घालतात. शेवयांच्या खिरीत गूळ घालायचा तर ती उतरवून निवल्यावर. चहालाच आपण तो नियम लावायला विसरलो, कारण साखरेच्या चहाने इतकी वर्षं आपले सगळे लाड पुरवले.

दुधाचं प्रमाणही बघा. कडक चहा, भरपूर गूळ आणि त्यात रंगापुरतं दूध हे मिश्रण सगळ्यात लवकर फाटतं. आम्ल पचवायला तिथे दूधच कमी असतं. गुळाच्या चहात दूध निम्म्यापर्यंत न्या, फरक दिसेल.

चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. गुळाचं आम्ल सोडा मारतो, हे खरं. पण चिमूट जरा मोठी झाली की चहा गडद तांबूस होतो आणि साबणासारखी चव येते. काश्मिरी नून चहात सोडा मुद्दाम घालतात, रंगासाठीच, पण तो चहा त्या चवीवर बेतलेला असतो. आपल्या आल्या-वेलचीच्या चहाला सोडा मानवत नाही. आणि खराब व्हायला आलेलं दूध सोड्याने सावरून पिणं तर सरळ चूक. आम्ल झाकलं म्हणून जंतू जात नाहीत.

आलं कधी घालता?

"आल्याने दूध फाटतं" आणि "आम्ही रोज आलं घालतो, कधी फाटत नाही" ही दोन्ही विधानं खरी आहेत. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, आणि त्याचा जोर ६० अंशांच्या आसपास सर्वाधिक. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आल्याच्या रसावर साधारण ७० अंशांचं गोड दूध ओततात आणि ते काही मिनिटांत खरवसासारखं थिजतं. तिथे ते आवडीचं गोड आहे. आपल्या पातेल्यात तेच झालं की कपाळाला हात.

उकळीत हे विकर निकामी होतं. म्हणून ठेचलेलं आलं आधणाच्या पाण्यातच घालून दोन-तीन मिनिटं उकळलं तर ते दुधाला काही करत नाही. फाटतं कुणाचं? जे थंड दुधात आलं किसून मंद आचेवर तापवत ठेवतात त्यांचं. किंवा जे चहा उतरवल्यावर "वास चांगला येतो" म्हणून वरून आल्याचा रस पिळतात त्यांचं. नुसत्या दुधाचा, बिनपाण्याचा चहा करणाऱ्यांनी आलं वाटीभर पाण्यात वेगळं उकळून ते पाणी घालावं. सुंठ वाळवलेली असल्याने सहसा त्रास देत नाही. गवती चहा, तुळस, वेलची यांच्यावर उगाच संशय घेतात, त्यांचा यात हात नाही. लिंबू आणि वाळवलेल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा यांत दूध घालायचंच नसतं, ते टिकणार नाही.

साय आणि क्रीम

चहावर साय घालून पिणारे अजून आहेत, आणि त्यांची तक्रार वेगळी: दूध चांगलं, चहा चांगला, साय घातली की कण होतात. ती साय कुठली ते विचारा. लोण्यासाठी आठवडाभर डब्यात साठवलेल्या सायीला बहुतेक घरांत विरजण लावलेलं असतं, ती आंबटच असते. चहाला आजच्या दुधावरची, वेगळ्या वाटीत काढलेली साय घ्या.

विकतच्या फ्रेश क्रीमचं दुखणं निराळं. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. थंडगार क्रीम उकळत्या कडक चहात पडलं की वर तुपाचे थेंब किंवा पिसासारखे पांढरे तुकडे दिसतात. क्रीम आधी कपात घ्या, त्यात चमचाभर चहा घालून फेटा आणि मग बाकीचा चहा ओता. दूध आधी की चहा आधी, यावर इंग्रजांचं भांडण जुनं आहे. चव तपासण्यासाठी चहा कसा करावा याचं आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये निघालं, त्यात दूध आधी घालावं असं आहे, आणि नंतर घालायचं असेल तर चहा ६५ ते ८० अंशांवर असताना. आपल्या उकळीच्या चहासाठी ते लिहिलेलं नाही, पण उकळी बसू द्या म्हणतो ते याच्याशी जुळतं.

जे फाटलेलं दिसतं पण नसतं

सायीचे तुकडे तरंगतात, त्याला फाटलं म्हणून चहा ओतून देणारे आहेत. चमच्यात घेऊन बोटांत चोळा: साय सुळसुळीत पसरते, फाटलेल्या दुधाचा कण रवाळ लागतो. शिवाय खरं फाटलं असेल तर खालचं पाणी पारदर्शक पिवळट होतं, सायीच्या चहात ते दुधाळच राहतं. बोअरच्या जड पाण्याचा चहा असेल तर वर करडा चमकता तवंग येतो, ढवळला की त्याच्या चिरफळ्या होतात. ते पाण्यातल्या कॅल्शियमचं काम, दुधाचं नाही. आरओ फिल्टरच्या पाण्याने करून बघा, तवंग जातो. दूध पावडर थेट गरम चहात टाकल्यावर होणाऱ्या गुठळ्याही फाटणं नव्हे. आधी कोमट पाण्यात पेस्ट करा.

थर्मासमधला चहा दुपारी चारला फाटलेला निघतो, हे ऑफिसांतलं कायमचं रडगाणं. तिथे बुचाच्या आतली रबराची रिंग काढून बघा. तिच्याखाली काय साचलेलं असतं ते बघितल्यावर चहाची इच्छाच जाईल. रिंग रोज काढून धुवा. आणि तरीही होत असेल तर थर्मासमध्ये कोरा चहा भरा, दूध वेगळं गरम करा. इराण्याकडे चहाचं पाणी आणि आटवलेलं दूध वेगवेगळं तयार ठेवून कपात एकत्र करतात, त्याचा एक फायदा हाच.

फाटलेल्या चहाचं काय करायचं? एकटं दूध परीक्षेत उत्तीर्ण झालं होतं आणि फाटलं ते गुळाने किंवा आल्याने, तर तो चहा गाळून प्यायला हरकत नाही, चवीला पाणचट लागेल एवढंच. दूधच खराब होतं असं कळलं तर सरळ ओतून द्या. त्याचं पनीर करू नका. ताज्या दुधात लिंबू पिळून केलेलं पनीर वेगळं, आणि स्वतःहून नासलेलं दूध वेगळं.

परदेशातल्या मंडळींकडून हल्ली सोया दुधाचा प्रश्न येतो. ते चहात गाईच्या दुधापेक्षा लवकर फाटतं, कारण सोयाचं प्रथिन आम्लाला आणि कॅल्शियमला फारच हळवं असतं, आणि कित्येक डब्यांत वरून कॅल्शियम घातलेलंही असतं. खोक्यावर 'बरिस्ता' लिहिलेलं घ्या, त्यात बहुधा फॉस्फेटसारखं आम्लता सांभाळणारं द्रव्य असतं. घटकांच्या यादीत 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर' दिसलं की समजायचं. ते आधी कोमट करा, कपात घ्या आणि चहा दोन मिनिटं निवल्यावर त्यावर ओता. गूळ घालायचा असेल तर ओट दूध घ्या, सोयाच्या नादी लागू नका.